पहिली-दुसरीच्या पोरांचा घरचा अभ्यास : वाफसा निघून जाऊ देऊ नका

या पानावर एरवी आपण बीजप्रक्रिया, खतमात्रा, बोंडअळी यांविषयी बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण शेतीच्या बाहेरचा नाही. पहिली, दुसरी आणि तिसरीत शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींचा अभ्यास घरी कसा घ्यावा, हा तो विषय. "कृषी खात्याच्या माणसाला शाळेत डोकवायचं काय कारण?" असे कोणी विचारील. कारण सांगतो.

गावोगावच्या बैठकांत फवारणीचे प्रमाण सांगताना एक वाक्य हमखास ऐकू येते : "साहेब, मिली-बिली राहू द्या, किती झाकणं टाकायची ते सांगा." आता प्रत्येक कंपनीच्या बाटलीचे झाकण वेगळ्या मापाचे. एका औषधाचे झाकण लहान, दुसऱ्याचे मोठे. लिटरला २ मिली औषध असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, हा हिशेब बेच्या पाढ्याचा आहे. तो डोक्यात पक्का नसला की अंदाज चालतो, आणि अंदाजाने एक तर औषध वाया जाते नाही तर पीक करपते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याची कारणे अनेक होती. पण डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण आणि बारीक अक्षरातली सूचना वाचता येणे किती मोलाचे आहे, हे तेव्हा सगळ्यांना कळले.

बाजार समितीतल्या हिशेबपट्टीचेही तेच. एकूण वजनातून बारदाना वजा, रकमेतून हमाली वजा, तोलाई वजा. सगळी हातच्याची वजाबाकी. ज्याला ती येते तो काट्याजवळ उभा राहून दोन शब्द विचारतो. ज्याला येत नाही तो "बरोबरच असंल" म्हणतो आणि पट्टी खिशात घालून घरी येतो. ही वजाबाकी कोणी कॉलेजात शिकत नाही. ती दुसरी-तिसरीत येते, नाही तर पुष्कळदा जन्मभर अडते.

आकडे काय सांगतात

'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशातल्या खेड्यापाड्यांत होते. पाहणी करणारे घरोघर जाऊन मुलांना समोर बसवतात, चार ओळी वाचायला देतात आणि एक वजाबाकी घालतात. २०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतील तिसरीच्या शंभर मुलांपैकी सुमारे २३ मुलांनाच दुसरीच्या पुस्तकातला उतारा नीट वाचता आला. वजाबाकी शंभरातल्या सुमारे २८ मुलांना जमली. खासगी शाळेतली मुले धरली तरी वाचनाचा आकडा २७ च्या आसपासच राहतो. म्हणजे फी भरली, गळ्यात टाय बांधला, की पोरगं वाचायला लागलं, असेही नाही.

याच आकड्यांत आशेची गोष्टही आहे. कोरोनात शाळा बंद राहिल्या, त्यानंतर २०२२ मध्ये सरकारी शाळांचा वाचनाचा हाच आकडा १६ वर आला होता. दोन वर्षांत तो २३ वर गेला. नेट लावला की फरक पडतो, हे त्यातून दिसते.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणाऱ्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधा हिशेब करता यावा, हे त्याचे उद्दिष्ट. पहिलीत ९९ पर्यंतच्या संख्या, दुसरीत ९९९ पर्यंत, तिसरीत ९,९९९ पर्यंत, आणि तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणे, अशी त्यात पायरी ठरवली आहे.

तिसरीच का? कारण तिसरीपर्यंत पोर वाचायला शिकते आणि तिथून पुढे वाचून शिकते. चौथी-पाचवीची पुस्तके त्याला वाचता येते असे धरूनच लिहिलेली असतात. मागे राहिलेले पोर मग वर्गात बसते, पण त्याच्या पदरात काही पडत नाही. पेरणीला जसा वाफसा लागतो तसा हा वयाचा वाफसा आहे. वाफसा गेल्यावरही बी उगवते, नाही असे नाही, पण कष्ट दुप्पट आणि उतार निम्मा.

"आम्हालाच लिहिता येत नाही, पोराला काय शिकवू?"

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. त्याचे उत्तर असे, की शिकवण्याचे काम गुरुजींचे आहे. घरी करायचा आहे तो सराव, आणि सरावाला शिकलेलाच माणूस लागतो असे नाही. बोलायला, मोजायला, मापायला, गोष्ट सांगायला आणि कान देऊन ऐकायला कोणालाही येते. खर्च काही नाही. रोजची १५ ते २० मिनिटे पुरतात. संध्याकाळची धार काढून झाली की जेवणापूर्वीची वेळ बरी. घरात मोठी बहीण किंवा भाऊ असेल तर त्यालाही जोडीला घ्यावे. लहान्याला शिकवताना मोठ्याचेही पक्के होते.

१) आधी बोलणे, मग वाचणे

ज्याच्या कानावर भरपूर शब्द पडले आहेत, त्यालाच वाचलेला शब्द कळतो. म्हणून पोराशी बोलावे. नुसते "जेवलास का, दप्तर भरलं का" एवढेच नको. "आज कपाशीची पानं लाल का दिसत होती?", "म्हैस आज दूध कमी का देत असेल?" असे विचारावे आणि उत्तराला थांबावे. उत्तर चुकले तरी हसू नये.

आजी-आजोबांकडे गोष्टींचे भांडार असते. गोष्ट सांगताना मध्येच थांबून "आता पुढं काय झालं असंल?" असे विचारावे. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पोराला सांगायला लावावी. कोडी घालावीत.

घरची बोली वऱ्हाडी असो, अहिराणी असो, मालवणी असो की कोरकू किंवा गोंडी, तिची लाज पोराला वाटू देऊ नये. "असं नाही बोलायचं" म्हणून दटावले की पोर बोलायचेच बंद होते. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी ठेवावा : "आपण असं म्हणतो, पुस्तकात त्याला असं म्हणतात." एका वस्तूला दोन नावे कळली तर ती कमाईच आहे.

२) आवाजाचे खेळ

अक्षर ओळखण्याआधी आवाज ओळखता यावा लागतो. त्यासाठी शब्दांच्या भेंड्या फार उपयोगी. आई म्हणाली 'गवत', पोराने 'त'चा शब्द द्यायचा : 'तवा'. मग 'व'चा : 'वासरू'. भाकरी थापता थापता हा खेळ होतो. 'ळ' आणि 'ण' पासून शब्द सुरू होत नाहीत, तिथे 'ल' आणि 'न' चालवून घ्यावे. दुसरा खेळ टाळीचा. 'बैल'ला दोन टाळ्या, 'नांगर'ला तीन, 'ज्वारी'ला दोन. किती टाळ्या वाजल्या ते पोराने सांगायचे.

३) थोड्या अक्षरांतून पुष्कळ शब्द

सगळी बाराखडी एकदम घोकायला लावू नये. चार अक्षरे घ्यावीत : क, म, ल, र. त्यांना फक्त काना जोडावा. एवढ्यातून मका, काका, मामा, काम, माल, मार, कलम, कमाल असे कितीतरी शब्द होतात. पोराला वाटते, "मला वाचता येतं!" हा हुरूप फार कामाचा आहे. ते पक्के झाले की आणखी दोन अक्षरे आणि एक वेलांटी. पाटी नसली तर परातीत राख किंवा बारीक माती पसरून बोटाने गिरवावे. चुकले तर हात फिरवला की पाटी कोरी.

घरात छापील मजकूरही पुष्कळ असतो. भिंतीवरची दिनदर्शिका, लग्नपत्रिका, किराणा गुंडाळलेला कागद, एसटीची पाटी, दुकानाची पाटी. रोज एकच शब्द शोधायला सांगावा : "यात 'म' कुठं कुठं आहे?" ज्या पालकाला वाचता येत नाही त्याने पोराला शब्दाखाली बोट ठेवून वाचायला सांगावे. बोट आणि तोंड बरोबर चालते आहे की पोर पाठ केलेले म्हणते आहे, हे न वाचताही ओळखता येते.

एक ताकीद मात्र कृषी खात्याचा माणूस म्हणून देतो. कीटकनाशकाच्या बाटल्या, डबे आणि बीजप्रक्रिया केलेल्या, म्हणजे लाल-गुलाबी रंग लावलेल्या बियाण्याच्या पिशव्या वाचनासाठी काय, खेळण्यासाठीही मुलांच्या हाती देऊ नयेत. रिकाम्या असल्या तरीही नाही. लाल त्रिकोण दिसला की लांब राहायचे, एवढे मात्र पोराला लांबूनच दाखवून शिकवावे.

४) तुराटीच्या शंभर काड्या

गणितासाठी एकच साधन सांगायचे तर मी हेच सांगेन. तुराटीच्या बोटभर लांबीच्या १०० काड्या तोडाव्यात, खराट्याच्या काड्याही चालतील. दहा-दहा मोजून सुतळीने गठ्ठे बांधावेत. बांधण्याचे काम पोरानेच करावे.

मराठी आकड्यांत दोन अडचणी आहेत, त्या आधी समजून घेऊ. पहिली अशी, की आपण बोलतो एका क्रमाने आणि लिहितो दुसऱ्या क्रमाने. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी येतात आणि वीस नंतर. लिहिताना २ आधी, ५ नंतर. त्यामुळे पोर ऐकते पंचवीस आणि लिहिते ५२. ते मठ्ठ नसते, कानावर जे पडले तेच ते लिहीत असते. दुसरी अडचण 'एकोण'ची. 'एकोणतीस' ऐकले की 'तीस' कानात राहते आणि पोर ३९ लिहून मोकळे होते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात संख्या 'वीस एक', 'साठ तीन' अशाही वाचायला दिल्या, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. वादाचे काहीही असो, अडचण खरी आहे आणि काड्यांनी ती सुटते.

पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. गठ्ठे पोराच्या डाव्या हाताला ठेवायचे, सुट्या उजव्या हाताला. खाली राखेत लिहायचे : २, मग ५. चार-आठ दिवस हे केले की ५२ व्हायचे थांबते.

आता एकोणतीस. याचा अर्थ एक उणा तीस. पोराला तीन गठ्ठे मांडायला सांगावे आणि म्हणावे, "यातून एक काडी दे." गठ्ठा सोडल्याशिवाय एक काडी निघत नाही. पोर एक गठ्ठा सोडते, एक काडी देते. उरतात दोन गठ्ठे आणि नऊ काड्या, म्हणजे २९. एकोणचाळीस, एकोणपन्नास, असे एकोणनव्वदपर्यंत करून पाहावे. फक्त ९९ ला आपण 'नव्व्याण्णव' म्हणतो, तिथे ही चाल बदलते.

हा गठ्ठा सोडणे म्हणजेच हातच्याची वजाबाकी. उदाहरण घ्या. टोपलीत ३२ अंडी होती, १५ विकली. तीन गठ्ठे आणि दोन काड्या मांडल्या. पाच काड्या द्यायच्या, पण सुट्या दोनच आहेत. मग एक गठ्ठा सोडला, सुट्या झाल्या १२. त्यातल्या पाच दिल्या, उरल्या सात. गठ्ठे उरले दोन, त्यातला एक दिला, राहिला एक. उत्तर १७. हे हाताने केलेले पोर पुढे वहीत "दोनातून पाच जात नाहीत, शेजारून घेतला" असे पोपटासारखे म्हणणार नाही, त्याला त्याचा अर्थ कळलेला असेल. मोठेपणी पट्टी तपासताना हीच काडी कामाला येते.

५) मापणे आणि अंदाज

जुनी मापे अजून पुष्कळ घरांत आहेत. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. माप गावोगाव थोडे कमी-जास्त भरते, पण दुपटीचा हा क्रम पोराच्या हाताने ज्वारी मापून दाखवला तर निम्मे, पाव आणि दुप्पट हे शब्द आपोआप कळतात. आजोबांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी येत असेल तर ती नातवाच्या कानावर जरूर घालावी.

अंदाजाचा खेळ मुलांना फार आवडतो. "या पाटीत कांदे किती असतील?" आधी अंदाज सांगायचा, मग दहा-दहाचे ढीग करून मोजायचे. बांधाची लांबी पावलांनी मोजावी, तीच बापाच्या पावलांनी मोजावी. आकडे वेगळे का आले, हे पोराला विचारावे. बाजारच्या दिवशी २० रुपये हाती देऊन १२ रुपयांची वस्तू आणायला पाठवावे आणि परत आलेले पैसे त्यालाच मोजायला सांगावेत.

६) बघणे आणि टिपून ठेवणे

वाटीत ओलसर मातीत मटकी किंवा मुगाचे चार दाणे पेरावेत. कोंब कधी आला, रोज किती बोटे वाढला, याची नोंद पोराने ठेवावी. लिहिता येत नसेल तर चित्र काढावे. एक वाटी उन्हात आणि एक अंधारात ठेवून फरक पाहावा.

पावसाळ्यात सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा मोकळ्या जागी, झाडा-पन्हाळीपासून दूर ठेवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून किती मिलिमीटर पाणी साचले ते पोराने दिनदर्शिकेवर लिहावे आणि डबा रिकामा करावा. हवामान खातेही २४ तासांचा पाऊस सकाळी साडेआठलाच मोजते. डब्यातला आकडा अगदी काटेकोर नसेल, पण मंडळाच्या ठिकाणी पडलेला पाऊस आणि आपल्या शिवारातला पाऊस यात किती अंतर असते ते तुम्हालाही कळेल. पोराचा अभ्यास होईल आणि तुमची नोंद.

आठवड्याचे वेळापत्रक

सोमवार : काड्यांचे गठ्ठे, संख्या मांडणे
मंगळवार : गोष्ट ऐकणे, दुसऱ्या दिवशी सांगणे
बुधवार : अक्षरांतून शब्द, राखेत लिहिणे
गुरुवार : शब्दांच्या भेंड्या, टाळ्यांचा खेळ
शुक्रवार : वजाबाकी-बेरीज, काड्यांनी किंवा चिंचोक्यांनी
शनिवार : पाठ्यपुस्तकातले एक पान मोठ्याने वाचणे, घरातल्यांनी ऐकणे
रविवार : मापणे, बाजार, शेतातली मोजणी

गावाच्या बाजाराप्रमाणे वार बदलावेत. एखादा दिवस चुकला तर हरकत नाही, पण चार दिवस सलग चुकवू नये. ठिबक रोज थोडे पाणी देते म्हणून काम करते, तसेच हे आहे.

काय करू नये

मारू नये. शेजारच्या पोराशी तुलना करू नये. एकच पान वीस वेळा लिहून काढायला लावू नये, त्याने हात दुखतो आणि डोके बंद पडते. अभ्यासाच्या नावाखाली मोबाइल हातात देऊन आपण बाजूला होऊ नये. मोबाइलवर गोष्ट लावलीच तर शेजारी बसावे आणि नंतर तिच्याविषयी बोलावे. कापूस वेचणी किंवा सोयाबीन काढणीसाठी शाळा बुडवू नये. महिनाभराची खाडी पडली की पोर मागे राहते आणि ते भरून काढायला पुढे कोणाला वेळ नसतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही सारखीच वेळ द्यावी. भांडी घासायला मुलगी आणि अभ्यासाला मुलगा, हे बंद व्हावे.

गावकारभाऱ्यांसाठी दोन शब्द

सरपंच, ग्रामसेवक भाऊसाहेब आणि सदस्य मंडळींनी मनावर घेतले तर हे काम घराघरापुरते राहणार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. या समितीच्या बैठकीत रंगरंगोटी आणि कुंपण यांबरोबर एक प्रश्न दरमहा विचारावा : "तिसरीतल्या किती मुलांना वाचता येतं?" गुरुजींना दोष देण्यासाठी नव्हे, कोणत्या घराला हात द्यायचा ते ठरवण्यासाठी.

राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी उपक्रमात माता गट तयार झाले आहेत. जिथे ते नुसते कागदावर आहेत तिथे चार-पाच घरांच्या आयांनी आठवड्यातून एकदा एका ओट्यावर बसावे, मुलांना सोबत घ्यावे. बचत गटाच्या बैठकीला जोडूनही हे जमते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. त्यातून गोष्टीची पुस्तके, मोठ्या अक्षरातले तक्ते घेता येतील. चावडीच्या किंवा दूध डेअरीच्या भिंतीवर १ ते १०० अंक अक्षरांसह रंगवून घ्यावेत. दूध घालायला आलेले पोर रांगेत उभे असताना ते वाचेल.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचा विचार विशेष करावा लागेल. पोर आजी-आजोबांपाशी किंवा हंगामी वसतिगृहात राहिले तर शाळा टिकते. टोळ्या निघण्याआधी, दिवाळीच्या सुमारास, अशा घरांची यादी ग्रामपंचायत आणि शाळा यांनी मिळून करावी आणि मागे राहिलेल्या मुलांची रोजची चौकशी कोण करणार ते नावानिशी ठरवावे.

येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा. तोवर घरी सुरुवात करायला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. आज संध्याकाळी तुराटीच्या दहा काड्या तोडा, पोराला शेजारी बसवा आणि पहिला गठ्ठा त्याच्या हाताने बांधू द्या.